कवळीकरांच्या गाडीला सगळ्यांचा हातभार

गाडीचा रंग तांबडा घ्यायचा, हे पहिल्याच दिवशी ठरलं. या सगळ्या प्रकरणात सुरळीत पार पडलेली ती एवढी एकच गोष्ट, म्हणून आधीच सांगून टाकली.

कवळीकर हे त्यांचं खरं आडनाव नव्हे. खरं आडनाव दाराबाहेरच्या पाटीवर आहे, पण ते कोणी वाचत नाही. ते दातांच्या कवळ्या बनवतात. डॉक्टर माप पाठवतात, कवळीकर दात पाठवतात आणि त्या दातांनी पेशंट हसला की श्रेय डॉक्टर घेतात. वर्षानुवर्षं असंच चाललं होतं आणि कवळीकरांची त्याबद्दल काही तक्रार नव्हती. तक्रार सुरू झाली ती एका सिग्नलवर.

झालं असं, की ते आपल्या जुन्या, उंच, डब्यासारख्या गाडीतून लॅबला निघाले होते. मागच्या सीटवर खोक्यात आठ-दहा जबडे होते. सिग्नलला शेजारी एक गाडी येऊन थांबली. म्हणजे आली आहे हे आवाजावरून कळलं. दिसायला कवळीकरांना खिडकीतून डोकं बाहेर काढून खाली बघावं लागलं. तांबडी, दोनच सीटची, आणि जमिनीच्या कानात काहीतरी सांगत असल्यासारखी खाली वाकलेली. आतल्या माणसाने वर बघितलं आणि तो हसला. ते हसू कवळीकरांनी ताबडतोब ओळखलं. वरचे पुढचे चार. त्यांनीच केलेले. त्यातला एक त्यांनी मुद्दाम किंचित तिरका ठेवला होता, खरा वाटावा म्हणून.

सिग्नल सुटला आणि दात निघून गेले.

"माझे दात त्या गाडीत बसू शकतात," संध्याकाळी ते बायकोला म्हणाले, "तर मी का नाही?"

बायको मोठ्या दवाखान्यात एक्स-रे काढते. माणसाच्या आत काय मोडलंय ते बघायचं आणि स्वतःच्या चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही, या कामाचा तिला पगार मिळतो. तिने चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही.

"बसा की," ती म्हणाली.

इतकी सहज परवानगी मिळाल्यावर कुठल्याही नवऱ्याने सावध व्हायला हवं. कवळीकर सावध झाले नाहीत, ते इमारतीच्या सभेला गेले. सभा टाकीच्या गळतीबद्दल होती. गळती कोणाच्या काळात सुरू झाली यावर नेहमीप्रमाणे एकमत झालं नाही, आणि मग सेक्रेटरींनी विचारलं, "आणखी कोणाला काही सांगायचंय?" हा प्रश्न प्रत्येक सभेच्या शेवटी विचारतात आणि त्याला उत्तर द्यायचं नसतं, खुर्ची मागे सरकवायची असते. कवळीकर उभे राहिले.

"मी स्पोर्ट्स कार घेतोय," ते म्हणाले.

सरकवायला घेतलेल्या खुर्च्या तिथेच थांबल्या.

"उंची किती?" सेक्रेटरींनी विचारलं.

"माझी?"

"गाडीची."

सेक्रेटरी वजनमापे खात्यातून निवृत्त झालेले. पट्टीने रेघ ओढावी तसा सडसडीत माणूस. आयुष्यभर दुकानदारांचे तराजू तपासून त्यांच्यावर शिक्के मारले, आणि निवृत्त झाल्यावर तपासायला ही इमारत उरली. जिन्यात कुंडी ठेवायची म्हटली तरी ते टेप घेऊन यायचे. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी लांब राहायची, तेव्हा टेपला वेळही भरपूर होता.

टाळी पहिल्यांदा वाजवली ती दुसऱ्या मजल्यावरच्या विमावाल्याने. कवळीकरांची जी पॉलिसी नुकतीच पिकली होती ती त्यानेच विकलेली, त्यामुळे गाडीवर आपला पित्यासारखा हक्क आहे अशी त्याची समजूत झाली. वास्तविक ते पैसे लॅबमध्ये दात भाजायच्या नव्या भट्टीसाठी होते. जुनी भट्टी आता दातांचा रंग स्वतःच्या मनाने ठरवू लागली होती. पण भट्टी घेतली म्हणून टाळ्या कोण वाजवतो?

शनिवारी कवळीकर शोरूमला गेले. फरशी इतकी चकचकीत होती की चालताना आपलाच तळपाय दिसावा. टोकदार बुटांचा एक सेल्समन त्यांना घेऊन बसला आणि त्याने एक किंमत सांगितली. कवळीकरांनी ती गिळली. मग त्याने तिच्यावर आणखी एक रक्कम सांगितली.

"ही कसली?"

"बाजारभाव समायोजन, साहेब. मागणी फार आहे ना."

"म्हणजे पहिल्या किमतीत काय मिळतं?"

"गाडी."

"आणि या वरच्या रकमेत?"

"गाडी मिळणं मिळतं, साहेब."

कवळीकरांनी थोडा विचार केला, पण हे वाक्य कुठूनही धरायला जागाच नव्हती. शिवाय वरची रक्कम द्यायला तयार असलं, तरी आधी वेटिंग लिस्ट होतीच. तिच्यात त्यांचा नंबर एकेचाळिसावा लागत होता.

"यादी पुढे सरकते का?"

"सरकते ना, साहेब. वरच्या लोकांचे घटस्फोट होतात, धंदे बुडतात, तब्येती बिघडतात. आम्ही नेहमी आशावादी असतो." मग त्याने आवाज खाली आणला. "तोपर्यंत तुम्ही गाडीची छत्री घेऊन ठेवू शकता. तिला वेटिंग नाही."

कवळीकरांनी बुकिंगची रक्कम भरली. नाव काढून घेतलं तर ती परत मिळणार होती, ही सेल्समनच्या बोलण्यातली सर्वांत माणुसकीची गोष्ट. छत्रीही घेतली. मग सेल्समन म्हणाला, "बसून तर बघा, साहेब," आणि शोरूममधल्या तांबड्या गाडीचं दार त्याने उघडलं.

बसणं सोपं होतं. बसणं म्हणजे खरं तर पडणंच; फक्त पडल्यावर खाली चामडं होतं. कवळीकर पडले, पाय लांब झाले, समोर लांबलचक तांबडं नाक दिसू लागलं, आणि सुमारे दीड मिनिट ते आयुष्यात कधी नव्हते इतके देखणे होते. मग ते उठायला गेले.

गुडघे आले, पण बाकीचे कवळीकर त्यांच्याबरोबर आले नाहीत. त्यांनी एक पाय बाहेर काढून प्रयत्न केला, मग तो आत घेऊन दुसरा काढला. स्टिअरिंगला धरलं तर हॉर्न वाजला. सेल्समनने एक हात दिला. मग दुसरा दिला. मग सोफ्यावर बसून माहितीपुस्तिका वाचणाऱ्या एका अनोळखी गृहस्थांनी ती खाली ठेवली, येऊन कवळीकरांच्या काखेत हात घातला आणि दोघांनी मिळून, थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे हलवत, एखादी हट्टी अक्कलदाढ काढावी तसे कवळीकर उपटून बाहेर काढले. भूल न देता.

"होतं सुरुवातीला," सेल्समन म्हणाला. अनोळखी गृहस्थांनी हात रुमालाला पुसला.

घरी येईपर्यंत कवळीकरांचा निर्णय झाला होता. गाडी घ्यायची नाही. भट्टी घ्यायची. भट्टीत बसावं लागत नाही. प्रश्न एवढाच होता की भरसभेत उभं राहून जे सांगितलं ते मागे कसं घ्यायचं? 'मला त्या गाडीतून उठता येत नाही' हे वाक्य या इमारतीत एकदा उच्चारलं की ते पुढची वीस वर्षं जिन्यात ऐकू येणार, हे त्यांना पक्कं माहीत होतं. तिसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ पूर्वी एकदा लिफ्टमध्ये अडकून रडले होते. त्यांची मुलगी आता वकील आहे, तरी तिची ओळख अजून 'लिफ्टमधल्या रडक्यांची मुलगी' अशीच करून देतात.

तेव्हा सन्मानाने सुटायला हवं होतं. आणि सुटका तर समोरच होती. जिन्यात विमावाला भेटला तसं कवळीकरांनी तोंड पाडलं. "एकेचाळिसावा नंबर आहे हो. आपल्या नशिबात नाही गाडी. जाऊ दे."

"जाऊ दे?" विमावाला दोन पायऱ्या खाली उतरला. "अहो, आम्ही काय मेलोय का?"

त्याच संध्याकाळी तळमजल्यावर ट्यूशनवाल्या बाईंच्या खोलीत बैठक झाली. बाई गणित शिकवतात. त्यांच्या फळ्यावर दुपारची समीकरणं तशीच होती. ती पुसून त्यांनी हिशेब मांडला. एका माणसाचं एक नाव यादीत असेल तर शक्यता अमुक. इमारतीतल्या सोळा जणांनी नावं दिली तर शक्यता सोळा पट. ज्याचा नंबर लागेल त्याने गाडी कवळीकरांच्या नावावर करून द्यायची. बुकिंगची रक्कम तर परतच मिळते.

"पण बाई," कवळीकर म्हणाले, "ती रांग आहे. तुम्ही सगळे माझ्या मागे उभे राहणार. मागे उभं राहून माझा नंबर पुढे कसा येईल?"

बाईंनी खडू खाली ठेवला. "तुम्ही दातांचं बघा," त्या प्रेमाने म्हणाल्या.

सोमवारी सोळा जण शोरूमला गेले. सेक्रेटरीही गेले. त्यांनी जाताना टेप नेली. मंगळवारी सेल्समनचा कवळीकरांना फोन आला. त्याचा आवाज भारावलेला होता. "साहेब, तुम्हाला म्हणून सांगतो. मागणी अभूतपूर्व वाढलीये. कालच्या एका दिवसात सोळा बुकिंग. वरची रक्कम कंपनीला नाइलाजाने दुप्पट करावी लागली."

म्हणजे कवळीकरांच्या शेजाऱ्यांनी कवळीकरांची गाडी कवळीकरांसाठी महाग केली होती. ते मनातून सुखावले. कारणांत आणखी एका कारणाची भर पडली.

दरम्यान सेक्रेटरी शोरूममधून मापं घेऊन आले होते. त्यांनी कवळीकरांना फाटकापाशी बोलावलं आणि तिथल्या स्पीडब्रेकरकडे बोट दाखवलं. "याची उंची आणि तुमच्या गाडीच्या पोटाची उंची. जुळत नाही. गाडी इथं टेकणार. पुढची चाकं आत, मागची बाहेर, आणि गाडी तराजूच्या दांडीसारखी मध्ये."

कवळीकरांना त्यांना मिठी मारावीशी वाटली. त्याऐवजी त्यांनी कपाळावर हात मारला. "संपलं म्हणायचं!"

"संपलं कसं? मी आहे ना," सेक्रेटरी म्हणाले.

स्पीडब्रेकर अर्धा इमारतीच्या हद्दीत होता आणि अर्धा नगरपालिकेच्या. सेक्रेटरी कवळीकरांना घेऊन नगरपालिकेत गेले. तिथल्या टेबलावरच्या माणसाने सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं की गतिरोधक काढण्याचा अर्जच नसतो, कारण आजवर कोणी तो काढा म्हणून आलेलंच नाही. लोक बसवा म्हणून येतात. "तुम्ही असं करा," तो म्हणाला, "कमी उंचीचा बसवा म्हणून अर्ज करा. तो बसवताना ते उंच असलेला काढतीलच."

त्यांनी काढला नाही. पुढच्या आठवड्यात माणसं आली आणि उंच स्पीडब्रेकरच्या पुढे हातभर अंतरावर एक कमी उंचीचा स्पीडब्रेकर बसवून गेली. आता इमारतीत शिरताना माणूस दोनदा होकार दिल्यासारखी मान हलवायचा. कवळीकरांची डब्यासारखी गाडी दोन्हींवरून डुलत जायची आणि आत कवळीकर शीळ वाजवायचे. तो आठवडा फार चांगला गेला. मग एकाच जागी दोन गतिरोधक हे नियमात बसत नाही असं सेक्रेटरींनी नगरपालिकेला नियम दाखवून पटवलं, आणि त्याच माणसांनी येऊन दोन्ही उखडून नेले. फाटकासमोरचा रस्ता शोरूमच्या फरशीसारखा सपाट झाला.

"आता कशी सरकत येईल बघा!" सेक्रेटरी गुडघ्यावर बसून रस्त्यावर तळहात फिरवत म्हणाले. मापं पुन्हा एकदा पडताळून बघायला हवीत म्हणून ते परत शोरूमला गेले. नंतर आणखी एकदा गेले. कवळीकरांनी त्याचा फारसा विचार केला नाही. टेप असलेला माणूस जातोच.

मग सेल्समनचा फोन आला. मागणी आता इतकी झाली होती की डीलरने यादीच रद्द केली होती. गाडी एकच येणार आणि ती कोणाला द्यायची हे सोडत काढून ठरणार. शिवाय काही लोक दहा-दहा नावांनी गाड्या अडवून चढ्या भावाने विकतात असा कंपनीला संशय होता, म्हणून एका पत्त्यावर एकच गाडी असा नवा नियम निघाला होता. एकाचं नाव निघालं की त्या पत्त्यावरच्या बाकीच्यांची बुकिंग आपोआप रद्द.

कवळीकर फोन धरून तसेच उभे राहिले. रांगेत सोळा नावांचा काही उपयोग नव्हता. सोडतीत मात्र होता. ट्यूशनवाल्या बाईंचं चुकीचं गणित डीलरने स्वतः येऊन बरोबर करून दिलं होतं.

सोडतीच्या दिवशी सगळी इमारत शोरूममध्ये होती. काचेच्या भांड्यातून सेल्समनने चिठ्ठी काढली आणि सेक्रेटरींचं नाव वाचलं. ट्यूशनवाल्या बाईंनी विजयी मुद्रेने सगळ्यांकडे बघितलं. विमावाल्याने कवळीकरांना उचललं. उचलल्यावर त्याच्या लक्षात आलं की ते काही हलके नाहीत, आणि त्याने त्यांना परत ठेवलं. "लागली हो, लागली तुम्हाला गाडी!"

सेक्रेटरी मात्र गाडीपाशी जाऊन उभे होते. त्यांचा एक हात गाडीच्या टपावर होता.

आता कवळीकरांपाशी शेवटचं कारण उरलं होतं. त्यांनी घसा साफ केला. "मंडळी, तुमचे उपकार कसे फेडू! पण ही वरची रक्कम मी देणार नाही. पैशाचा प्रश्न नाही. तत्त्वाचा आहे. ज्या रकमेच्या बदल्यात काहीच मिळत नाही ती रक्कम माझ्यासारखा माणूस मरेपर्यंत देणार नाही. मग गाडी गेली तरी चालेल."

सुंदर भाषण झालं. दोघा-तिघांनी टाळ्या वाजवल्या. आणि कवळीकरांच्या लक्षात आलं की सेक्रेटरींचे डोळे चमकताहेत.

"छापील किमतीपेक्षा जास्त?" सेक्रेटरी सावकाश म्हणाले. "माझ्या देखत?"

दुसऱ्या दिवशी शोरूम उघडताना सेक्रेटरी दाराशी हजर होते. ते सेल्समनसमोर बसले आणि त्यांनी विचारलं की वरच्या रकमेत जो माल मिळतो त्याचं माप काय. किलोत आहे, लिटरमध्ये आहे की नगावर? सेल्समन म्हणाला, साहेब, ते समायोजन आहे. सेक्रेटरी म्हणाले, ठीक आहे, वजन करून दाखवा. दुपारी ते डबा तिथेच खाऊन परत समोर बसले. आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ते नम्रपणे सांगायचे, "या, बसा. आम्ही समायोजनाचं वजन व्हायची वाट बघतोय." तिसऱ्या दिवशी मॅनेजर बाहेर आला, त्याने सेक्रेटरींचे हात हातात घेतले आणि सांगितलं की गाडी छापील किमतीत देतो, फक्त उद्या येऊ नका.

ही बातमी कळली तेव्हा कवळीकर जेवत होते. घास तोंडात फिरू लागला. नंबर लागला होता, रस्ता सपाट झाला होता, वरची रक्कम माफ झाली होती. इतक्या लोकांनी इतकी मदत करून माणसाला पार कोपऱ्यात उभं केलं होतं. त्यांनी बायकोकडे बघितलं.

"काही घरांत," ते म्हणाले, "बायकोचा कडक विरोध असतो म्हणे. मग बिचारा नवरा काही करू शकत नाही."

"असतील अशा बायका," बायको म्हणाली. "वाढू का आणखी?"

"तुझा अगदी थोडासुद्धा विरोध नाही?"

"छे. मी कशाला तुमच्या आनंदाच्या आड येऊ?" ती पाणी प्यायली. तिच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही. ती नोकरीत फार वाकबगार असल्याचं तिचे वरिष्ठही सांगतात.

रविवारी गाडी ताब्यात मिळायची होती. गाडी सेक्रेटरींच्या नावावर, म्हणून पैसे त्यांनी भरायचे, गाडी घरी आणायची आणि मग कवळीकरांनी पैसे देऊन ती नावावर करून घ्यायची असं ठरलं. सकाळी विमावाला आणि सेक्रेटरी गेले. बाकीच्यांनी फाटकाशी खुर्च्या मांडल्या. मधली हाताची खुर्ची कवळीकरांना दिली. त्यात बसून ते मनातल्या मनात गाडीतून उतरायची तालीम करत होते. आधी डावा गुडघा, मग दाराची कड, मग देवाचं नाव. सगळ्यांच्या देखत. कोणीतरी मोबाइल सरसावून ठेवलाच होता.

चहा झाला. गाडी आली नाही. दुसरा चहा झाला. ऊन खुर्च्यांवर आलं तशा खुर्च्या सावलीत गेल्या. मग कोपऱ्यावरून विमावाला चालत येताना दिसला. एकटा. त्याचे केस मागच्या बाजूला उभे होते आणि ते बसवायची शुद्ध त्याला नव्हती.

"गाडी कुठंय?"

"मला पेट्रोल पंपावर उतरवलं," विमावाला म्हणाला. "म्हणाले, हवा भरायच्या मशीनवरचा काटा बरोबर आहे का बघून या. मी बघायला गेलो. मागे वळलो तर..." त्याने रस्त्याकडे हात केला. "ते हसत होते हो. मी त्यांचे दात पहिल्यांदा बघितले."

खुर्च्यांमध्ये संताप पसरला. ट्यूशनवाल्या बाई म्हणाल्या, ही शक्यता फळ्यावर मांडलेलीच नव्हती. सगळ्यांनी दयेने कवळीकरांकडे बघितलं. कवळीकरांनी तोंड ओंजळीत झाकलं. त्यांना झाकावंच लागलं.

सेक्रेटरी आले ते दिवेलागणीला. गाडीवर कुठल्या तरी लांबच्या रस्त्याची धूळ होती. ते एका झटक्यात, घडीची पट्टी उलगडावी तसे बाहेर आले, कोणाशी न बोलता जिना चढले आणि त्यांनी कवळीकरांची बेल वाजवली. त्यांच्या मागे एक-दोन पायऱ्या सोडून सगळी इमारत होती.

ते सोफ्याच्या अगदी कडेला बसले. "मी नालायक माणूस आहे," ते म्हणाले.

कवळीकर काहीतरी बोलणार होते. बायकोने टेबलाखालून त्यांच्या पायावर पाय ठेवला.

"मापं घ्यायला गेलो तेव्हा आत बसलो होतो," सेक्रेटरी फरशीकडे बघत म्हणाले. "आतली रुंदी घ्यायची होती. नंतर घ्यायची राहिली नव्हती, तरी बसलो. आयुष्यभर मी दुसऱ्यांना म्हणालो, इतकंच घ्या, याच्यावर एक ग्रॅम नाही. स्वतःही घेतलं नाही कधी. आज पंपावरून निघालो आणि म्हटलं, कोपऱ्यापर्यंत जाऊ. कोपरा आला तर म्हटलं, पुलापर्यंत. मुलीच्या घरापर्यंत गेलो हो. तिने दार उघडलं, गाडी बघितली आणि विचारलं, बाबा, तुम्हीच ना?" त्यांनी खिशातून किल्ली काढली आणि चहाच्या टेबलावर, एका अर्धवट घासलेल्या खालच्या जबड्याशेजारी ठेवली. "पण शब्द तो शब्द. गाडी तुमची आहे. तुम्ही नुसती मान हलवा, मी खाली जातो."

कवळीकरांच्या आयुष्यातलं सगळ्यांत अवघड माप त्यांना आत्ता काढायचं होतं. दुःख कमी दाखवलं तर लोकांना संशय येणार. जास्त दाखवलं तर हा सज्जन माणूस किल्ली सोडून खरोखर निघून जाणार.

"घ्या किल्ली!" दारातून विमावाला ओरडला. "मागे हटू नका, कवळीकर! आम्ही आहोत!"

"तुम्ही जरा नसाल का?" कवळीकर पटकन म्हणाले, आणि मग आवाज जड केला. "म्हणजे, मला बोलू द्या." ते खिडकीशी गेले. खाली तांबडा टप दिसत होता. त्यांनी एक उसासा सोडला. तो जरा लांबला, पण मध्येच तोडता येईना. "सेक्रेटरीसाहेब, मी त्या गाडीत बसलो होतो, तेव्हा मला काय वाटलं ते मलाच माहीत. ते मी कोणाला सांगितलं नाही आणि सांगणारही नाही."

ट्यूशनवाल्या बाईंनी पदर डोळ्यांना लावला.

"पण एका पत्त्यावर एकच गाडी. नियम आहे. आणि ती त्या माणसाची, ज्याच्यासाठी ती सरळ घरी न येता मुलीकडे गेली." त्यांनी किल्ली उचलली आणि सेक्रेटरींच्या हातात ठेवून त्यांची मूठ दोन्ही हातांनी घट्ट मिटली. नीट मिटली आहे ना, हे त्यांनी दोनदा बघितलं. "मी भट्टी घेईन."

"कवळीकर..." सेक्रेटरी मिटलेल्या मुठीकडे बघत म्हणाले.

"आता जा. उगीच माझा विचार बदलायला वेळ देऊ नका."

सेक्रेटरी जे उठले ते दोन-दोन पायऱ्या टाकत खाली गेले. विमावाल्याने येऊन कवळीकरांच्या खांद्यावर हात ठेवला, असा माणूस आपण पॉलिसीत नोंदवला याचा अभिमान वाटतो म्हणाला आणि भट्टीचा विमा काढायचा का तेही विचारून घेतलं. बाई म्हणाल्या, मोठ्या मनाला गणित लागू होत नाही. एकेक जण येऊन त्यांचा हात दाबून गेला. कवळीकर प्रत्येकाकडे जड पापण्यांनी बघत मान हलवत होते, आणि दोन्ही गाल आतून दाढांखाली धरून ठेवत होते. खाली इंजिन गुरगुरलं, फाटकातून सुळकन निघून गेलं. जिन्यात कोणीतरी म्हणालं, "देवमाणूस आहे हो." पावलं एकेक मजला उतरली.

कवळीकर अजून तसेच उभे होते, चेहरा पाडून, कारण तो सोडायचा कसा हे आता त्यांनाच कळेना.

बायकोने कान देऊन शेवटचं दार बंद झाल्याची खात्री केली. मग तिने कडी घातली, वरची खिट्टीही सरकवली आणि वळली.

"दार लावलंय," ती म्हणाली. "हसा आता."